ओत्रांतो: गाव आधी ठरवा, बीच रोज सकाळी ठरवा

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे बघा ना' तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ऐन गर्दीत इयरफोन सापडत नाहीत अशा मंडळींनी वाचून घ्या.)

आजचा भाग एका मेसेजमुळे झालाय. पुण्याहून एका श्रोत्याने लिहिलंय, ते आधी वाचून दाखवते.

"ताई, आम्ही चौघं इटलीला जायचं ठरवतोय. आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण. रोम-व्हेनिस सगळेच करतात, आम्हाला समुद्र हवाय. ओत्रांतोचं एक रील बघितलं आणि तिथेच अडकलो. सहा रात्री राहायचं आहे. बीचला लागून हॉटेल आणि सहाही दिवसांच्या छत्र्या आत्ताच बुक केल्या तर स्वस्त पडतंय. करून टाकू का? बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातून जातोय, त्यामुळे चुकायला नको."

शेवटचं वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि लगेच उत्तर दिलं: छत्र्या बुक करू नकोस. हॉटेलही बीचला लागून नको, जुन्या गावाजवळ घे. असं का म्हटलं, ते आज सविस्तर सांगते. ओत्रांतोच काय, दक्षिण इटलीतल्या अशा कुठल्याही जुन्या समुद्रकाठच्या गावी जाणार असाल तरी यातलं बरंच कामाला येईल.

आधी नकाशा उघडा

इटलीचा नकाशा म्हणजे बूट, हे शाळेपासून माहीत आहे. त्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो हा भाग. तो पुलिया नावाच्या प्रांतात येतो. टाचेच्या पूर्वेच्या कडेवर ओत्रांतो आहे. इटलीतलं हे सगळ्यात पूर्वेचं गाव. गावाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर पुंता पालाशिया नावाचं टोक आहे, तिथे १८६७ सालचं दीपगृह आहे. इटलीच्या भूमीचा सगळ्यात पूर्वेचा बिंदू तो. समोर साधारण सत्तर किलोमीटरवर अल्बेनिया. हवा स्वच्छ असेल तर तिथले डोंगर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आता आपल्या माणसाची पहिली गडबड इथेच होते. कोकणात वाढलेल्या किंवा कोकणात सुट्ट्या घालवलेल्या माणसाच्या डोक्यात समुद्राची दोन गणितं पक्की असतात. एक, सूर्य संध्याकाळी समुद्रात बुडतो. दोन, पोहायला जायचं तर आधी भरती-ओहोटीची वेळ बघायची.

ओत्रांतोत दोन्ही चुकतात. किनारा पूर्वेला आहे, म्हणजे सूर्य समुद्रातून उगवतो आणि तुमच्या पाठीमागे, जमिनीवर मावळतो. सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर टाचेच्या दुसऱ्या बाजूला जावं लागतं. आणि भरती-ओहोटी? मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी चार-पाच मीटरनी वरखाली होते. ओत्रांतोत तो फरक वीत-दीड वीत असतो. सकाळी चटई टाकली तिथेच संध्याकाळी गुंडाळा, पाणी काही तुमच्याकडे यायचं नाही.

मग तिथला समुद्र कोण ठरवतं? वारा.

सगळी गोष्ट वाऱ्याची आहे

सालेंतोत दोन वाऱ्यांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. उत्तरेकडून येतो तो ट्रामोंताना, कोरडा आणि जोरकस. आग्नेयेकडून येतो तो शिरोक्को, उबदार आणि दमट. अंगाला चिकचिक करणारा.

टाच ही जमिनीची अरुंद पट्टी आहे. तिच्या पूर्वेला एड्रियाटिक समुद्र, पश्चिमेला आयोनियन. ओत्रांतोहून पश्चिम किनाऱ्यावरचं गल्लीपोली साधारण पन्नास किलोमीटर, गाडीने तासाभरात पोचता. (पहिल्या महायुद्धातलं गल्लीपोली वेगळं, ते तुर्कस्तानात.) त्यामुळे तिथल्या लोकांनी एक साधा नियम केलाय. ट्रामोंताना सुटला की आयोनियनच्या बाजूला जायचं. शिरोक्को सुटला की एड्रियाटिकच्या बाजूला. कारण सरळ आहे. वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असेल तर किनाऱ्याजवळचं पाणी शांत राहतं. तोच वारा समुद्रावरून किनाऱ्याकडे येत असेल तर लाटा, गढूळ पाणी आणि डोळ्यांत वाळू.

हे मला आधी माहीत होतं का? अजिबात नाही. मी आणि आई सप्टेंबरमध्ये गेलो होतो. मी हुशारी करून तीन दिवसांची छत्री आगाऊ पैसे भरून घेतली, पुढच्या रांगेतली. पहिल्या सकाळी आम्ही पोचलो तर काठीवर पिवळा झेंडा आणि सगळ्या छत्र्या मिटून बांधलेल्या. जोराचा वारा असताना छत्र्या बंद ठेवायचा तो इशारा. आई डोक्यावर ओढणी घट्ट धरून बसली आणि मला म्हणाली, "छत्रीचे पैसे दिलेस ना? मग उघडायला सांग की त्यांना." दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या घरमालकीणबाईंनी संध्याकाळी विचारलं, "तुम्ही तिकडे का गेलात? आज तर पलीकडचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता." आमचे दोन दिवस आणि छत्रीचे पैसे, दोन्ही वाऱ्यावर गेले. अगदी शब्दशः.

म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे: गाव आणि तारखा आधी पक्क्या करा, बीच मात्र रोज सकाळी ठरवा. फोनवरच्या कुठल्याही हवामान ॲपमध्ये वाऱ्याची दिशा दिसते. झोपण्याआधी एकदा आणि सकाळी चहा पिताना एकदा, एवढं बघितलं की झालं.

तारखा कोणत्या घ्यायच्या

आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे महिना. ओत्रांतोत मे सुंदर असतो, पण फिरायला. समुद्र अजून थंडच असतो, अठरा-एकोणीस अंशांचा. आई-बाबा पाय बुडवतील आणि परत येतील. जूनच्या मध्यापासून पाणी पोहण्याजोगं होतं. जुलैत गर्दी वाढत जाते. ऑगस्टमध्ये अख्खी इटली सुट्टीवर असते आणि तिच्यातली बरीचशी याच टाचेवर उतरते. १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो नावाची मोठी सुट्टी असते. त्या आसपासचे दोन आठवडे म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात खच्चून भरलेले. बरीच हॉटेलं तेव्हा आठवडाभराखालचं बुकिंगच घेत नाहीत.

सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे मला सगळ्यात चांगले वाटतात. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो, त्यामुळे पाणी जूनपेक्षा उबदार. शाळा सुरू होतात, गर्दी ओसरते, भाव उतरतात. आता तुम्ही म्हणाल, सप्टेंबर म्हणजे आमचे गणपती! खरंय. घरी गणपती असतील तर त्या वर्षीची चतुर्थी बघून पुढेमागे करा, किंवा सरळ जूनचा दुसरा पंधरवडा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवाळीच्या सुट्टीवर मात्र अवलंबून राहू नका. तोवर बीचवरची दुकानं आवरलेली असतात आणि उन्हाळ्यातल्या बसही बंद झालेल्या असतात.

व्हिसा आणि पोचणं

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा तीन-चार महिने आधी हात घाला. मोठ्या माणसाची फी ९० युरो. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोचा हवा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल असंच घ्या, जे रद्द केलं तर पैसे परत मिळतील. रिटायरमेंटचे पैसे असतील तर हा नियम दोनदा वाचा.

मुंबईहून थेट विमान नाही. रोम किंवा मिलानला उतरून ब्रिंडिसीचं विमान घ्यायचं. ब्रिंडिसी हा सगळ्यात जवळचा विमानतळ, तिथून ओत्रांतो गाडीने सव्वा-दीड तास. दुसरा पर्याय रोमहून लेच्चेपर्यंतची ट्रेन, साधारण साडेपाच तासांची. लेच्चेहून पुढे छोटी स्थानिक रेल्वे आहे, माल्ये नावाच्या स्टेशनवर बदलावी लागते. रविवारी आणि सुट्टीला तिच्या फेऱ्या फार कमी असतात. म्हणजे रविवारी दुपारी लेच्चेला उतरून "पुढचं बघू" म्हणाल, तर बॅगांवर बसून बघावं लागेल.

चौघं असाल तर गाडी भाड्याने घेणं परवडतं, आणि वाऱ्याप्रमाणे किनारा बदलायचा तर गाडीच सोयीची. त्यासाठी आपल्या लायसन्सबरोबर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि ते गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर असावं लागतं. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पार्किंगच्या रेघा लक्षात ठेवा: निळ्या म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पिवळ्या म्हणजे राखीव. आणि झेड-टी-एल अशी पाटी दिसली तर आत शिरू नका. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना त्या वेळी बंदी असते. तिथे पोलीस अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत तुम्हाला गाठतो.

गाडी चालवायची नसेल तरी ट्रिप होते. उन्हाळ्यात 'सालेंतो इन बस' नावाची बससेवा किनाऱ्यावरची गावं जोडते. फक्त किनारा बदलायला जास्त वेळ धरा.

छत्री, खुर्ची आणि फुकटची वाळू

इटलीतल्या बीचची पद्धत आपल्याला नवीन आहे, म्हणून नीट सांगते. वाळूचे काही पट्टे सरकारकडून चालवायला दिलेले असतात. त्यांना लिदो म्हणतात. तिथे एक छत्री आणि दोन पलंगवजा खुर्च्या दिवसाच्या भाड्याने मिळतात. पुढची रांग महाग, मागची स्वस्त. टॉयलेट, शॉवर, खाण्याचं दुकान आणि जीवरक्षक असतो. आई-बाबा बरोबर असतील तर एखादा दिवस लिदो घ्याच, पण त्याच दिवशी सकाळी, वारा बघून. ऑगस्ट सोडला तर मागच्या रांगेत जागा मिळते.

दुसरा प्रकार म्हणजे 'स्पियाज्जा लिबेरा', मोकळा किनारा. पैसे नाहीत, स्वतःची छत्री-चटई न्यायची. तिथे जीवरक्षक असेलच असं नाही.

आणि एक हक्क लक्षात ठेवा. लिदो कोणाचाही असो, पाण्यापर्यंत जायला आणि पाण्यात उतरायला कोणी पैसे मागू शकत नाही. पाण्याच्या कडेचा पट्टा सगळ्यांना चालायला मोकळा असतो. मात्र त्या पट्ट्यावर चटई पसरून बसता येत नाही.

झेंडे बघायची सवय लावा. पांढरा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वारा, छत्र्या बंद, लाल म्हणजे पाण्यात जाणं धोक्याचं. ज्याला पोहता येत नाही त्याने लाल झेंड्याला गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. संकटात ११२, आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षकांचा १५३०. दोन्ही नंबर फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. वाळू, दगड, शंख आठवण म्हणून बॅगेत भरू नका, त्यावर दंड आहे.

ओत्रांतोच्या आसपास किनारे कोणते? गावातच वाळूचे छोटे पट्टे आहेत, जुन्या तटाच्या सावलीत. चालायचा त्रास असेल तर हेच बरे. उत्तरेला आलिमिनीची लांब वाळू आहे, मागे पाइनची झाडी आणि दोन तळी. तिथेच बाया देई तुर्की, म्हणजे तुर्कांची खाडी, रीलमध्ये दिसते ती. पाणी खरंच तसंच आहे. पण गाडी लांब लावून झाडीतून चालत जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर विचार करून जा, आणि पाणी बरोबर घ्या. दक्षिणेला पोर्तो बादिस्को ही खडकांमधली चिमुकली खाडी. पायात रबरी चपला हव्यातच, कारण खडकांवर काटेरी समुद्री साळू असतात. आणि पलीकडच्या किनाऱ्यावर गल्लीपोली आणि पेस्कोलुसेची पांढरी उथळ वाळू. लहान मुलांना आणि न पोहणाऱ्यांना पेस्कोलुसे छान.

एक इशारा. गावाबाहेर बॉक्साइटची जुनी खाण आहे. लाल माती आणि मधे हिरवंगार तळं, फोटोला अप्रतिम. खाण १९७६ साली बंद झाली आणि खड्ड्यात पाणी साठलं. ते फक्त बघायचं आहे. पोहायला बंदी आहे.

वाऱ्याचा दिवस म्हणजे गावाचा दिवस

आता मुद्द्याचं. दोन्ही किनारे खवळलेले असतील, किंवा गाडी नसेल आणि ट्रामोंताना सुटला असेल, तेव्हा काय करायचं? लोक हॉटेलच्या खोलीत फोन बघत बसतात. ओत्रांतोत असं करणं म्हणजे जेवणाच्या ताटावरून उपाशी उठणं.

आमच्या वाया गेलेल्या दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन कॅथेड्रलमध्ये गेले. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आईची ओढणी इथेही उपयोगी पडली. हे चर्च १०८८ साली अर्पण झालं. आणि याची जमीन! ११६३ ते ११६५ या काळात पांतालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली रंगीत दगडाच्या लहान लहान तुकड्यांचं चित्र या सगळ्या जमिनीवर जडवलं गेलं. दारापासून वेदीपर्यंत एक प्रचंड झाड वर चढत जातं. त्याच्या फांद्यांमध्ये ॲडम आणि ईव्ह, नोआची नौका, बाबेलचा मनोरा, बारा महिन्यांची शेतीची कामं आणि राशी, हवेत उडणारा सिकंदर, अगदी इंग्रजांच्या दंतकथेतला राजा आर्थरसुद्धा. चर्चच्या जमिनीवर सिकंदर काय करतोय, असा प्रश्न पडतो ना? तेव्हा ओत्रांतो हे बंदर होतं. पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा माल इथे उतरत होता, आणि मालाबरोबर गोष्टीही.

आईला यातलं काही मी सांगितलं नव्हतं. ती दाराजवळच थांबली आणि खाली बघून म्हणाली, "अगं, हत्ती!" खरंच. ते सगळं झाड दोन हत्तींच्या पाठीवर उभं आहे. बीचवर दोन दिवस गप्प असलेली आई तिथे तासभर बोलत होती. खाली तळघर आहे, तिथे डझनावारी खांब, एकाचा माथा दुसऱ्यासारखा नाही. तेही बघा.

मग उजवीकडच्या छोट्या चॅपेलमध्ये गेलो आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. वेदीच्या मागे काचेच्या मोठ्या कपाटांत माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवलेली आहेत. आई-बाबांना, लहान मुलांना आत नेण्याआधी हे सांगून ठेवा.

गोष्ट अशी. २८ जुलै १४८० ला गेदिक अहमद पाशाचं उस्मानी आरमार इथे आलं. असं सांगितलं जातं की त्यांना जायचं होतं ब्रिंडिसीला, पण उत्तरेच्या वाऱ्याने जहाजं खाली ओत्रांतोकडे लोटली. तोच ट्रामोंताना, ज्याने आमची छत्री मिटवली. दोन आठवड्यांच्या वेढ्यानंतर ११ ऑगस्टला गाव पडलं. १४ ऑगस्टला गावाबाहेरच्या मिनर्व्हाच्या टेकडीवर साधारण आठशे पुरुषांना मारण्यात आलं. चर्चची परंपरा सांगते की त्यांनी धर्म बदलायला नकार दिला म्हणून. नेमकं कारण काय आणि आकडा किती, यावर इतिहासकारांमध्ये आजही वाद आहे. मेलेली माणसं मात्र खरी होती. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १४८१ मध्ये नेपल्सच्या सैन्याने गाव परत घेतलं आणि मग आज दिसतो तो भक्कम किल्ला बांधला गेला. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्या आठशे जणांना संतपद दिलं. तुर्कांची खाडी हे नावही त्याच उन्हाळ्याचं, जहाजं तिथे लागली असं लोक मानतात.

आता तारखा परत बघा. गावाचा स्मरणोत्सव १३ ते १५ ऑगस्टला असतो. म्हणजे बीच सगळ्यात जास्त भरलेले असतात, त्याच दिवसांत गाव आपल्या मेलेल्यांची आठवण काढत असतं. तेव्हा गेलातच तर मिरवणुकीत ओल्या कपड्यांनी घुसू नका, एवढं पाळा. जत्रेला येणारा पाहुणा सगळ्यांना आवडतो, फक्त जत्रा कशाची आहे हे त्याला माहीत असावं.

किल्ल्याबद्दल एक गंमत. 'द कासल ऑफ ओट्रान्टो' ही १७६४ सालची होरेस वॉलपोलची कादंबरी इंग्रजीतल्या भुताटकीच्या, म्हणजे गॉथिक कादंबऱ्यांची सुरुवात मानली जाते. वॉलपोल स्वतः ओत्रांतोला गेलाच नव्हता. नकाशावर नाव दिसलं, कानाला भारदस्त वाटलं, घेतलं. आज आपण रील बघून जागा ठरवतो, तो नकाशा बघून ठरवत होता.

पोटाचं काय

दुपारी साधारण एक ते पाच दुकानं बंद असतात. पाणी, फळं, औषधं सकाळीच घ्या. रात्रीचं जेवण आठच्या आधी मिळणं कठीण. आपल्या आई-बाबांना सातला भूक लागते, तेव्हा पिशवीत काहीतरी ठेवा.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, पुलिया हा गरीब शेतकऱ्यांच्या जेवणाचा प्रदेश आहे. 'फावे ए चिकोरिया' म्हणजे फावा बियांचं घोटलेलं वरण आणि कडसर पालेभाजी. आईने ते भातासारखं पावाबरोबर कालवून खाल्लं. 'चिचेरी ए त्रिया' म्हणजे छोले आणि पास्ता, त्यातला थोडा पास्ता तळलेला. 'फ्रिसेल्ला' हा दगडासारखा कडक पाव पाण्यात बुडवून वर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घालतात. बीचवर न्यायला उत्तम. पण ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता पालेभाजीबरोबर मागवलात तर त्यात बहुतेक वेळा अँकोव्ही मासा असतो. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे', मांस नको, मासे नकोत, एवढी दोन वाक्यं पाठ करा. कडक शाकाहारी असाल तर हेही सांगते की पार्मेजान चीजमध्ये प्राण्यांपासूनचं विरजण असतं.

बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक ते तीन युरो लावतात, ती फसवणूक नसते, बसण्याचा आकार असतो. हॉटेलातही माणशी दर रात्रीचा छोटा पर्यटन कर वेगळा द्यावा लागू शकतो. आणि थंड कॉफी प्यायची तर लेच्चेच्या पद्धतीची मागा, बर्फ आणि बदामाचं सरबत घातलेली. बरोबर पास्तिच्चोत्तो, आत घट्ट कस्टर्ड भरलेली खुसखुशीत वडी. हाच तिथला नाश्ता.

तर सहा दिवस असे मांडा

पहिला दिवस पोचणं, आंघोळ आणि संध्याकाळी गावातल्या गल्ल्या. त्या वेळी सगळं गाव नटून नुसतं चालायला बाहेर पडतं, तुम्हीही चाला.

एक पहाट राखून ठेवा पुंता पालाशियाच्या दीपगृहासाठी. इटलीतला दिवसाचा पहिला सूर्य बघायला नववर्षाच्या पहाटे तिथे लोक जमतात. तुम्हाला सप्टेंबरात तो जवळजवळ एकट्याने बघता येईल.

बाकीच्या दिवसांची यादी करा, पण त्यांना वार देऊ नका. शिरोक्को किंवा वारा पडलेला असेल तर आलिमिनी, तुर्कांची खाडी, बादिस्को. ट्रामोंताना असेल तर पलीकडे गल्लीपोली किंवा पेस्कोलुसे, आणि येताना सूर्यास्त तिथेच बघून या. दोन्हीकडे धड नसेल तर कॅथेड्रल, किल्ला, नवव्या-दहाव्या शतकातलं सान पिएत्रोचं चिमुकलं चर्च, बॉक्साइटचं तळं, नाहीतर दिवसभर लेच्चे शहर. शेवटचा दिवस रविवार असेल तर ट्रेनचं वेळापत्रक आधी, आंघोळ नंतर.

पुण्याच्या मित्राला मी हेच पाठवलं. त्याचा परत मेसेज आला: "बाबा म्हणतायत, शेतावरही असंच असतं. पेरणी ठरवायची, दिवस पाऊस ठरवतो." काका, तुम्ही हा भाग ऐकत असाल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची तशी गरज नव्हती.

चला, आज इथेच थांबू. तुमच्या ट्रिपचा गोंधळ झाला असेल, किंवा होऊ नये असं वाटत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. आणि हो, निघण्याआधी वारा बघा!